गाणारे, खेळणारे आणि लिहिणारे

आप्पा बळवंत चौकात पुस्तके मिळत नाहीत असे म्हटले तर लोक मला वेड्यात काढतील. पण जरा जाऊन बघा. दहावीची गाइडे, स्पर्धा परीक्षांचे ठोकळे, बँकेच्या परीक्षेचे प्रश्नसंच, वह्यांचे गठ्ठे... या सगळ्याच्या मागे, आतल्या खोलीत, वरच्या फळीवर, स्टूल घेऊन चढल्याशिवाय हाताला लागणार नाही अशा जागी ‘इतर’ नावाचा एक कप्पा असतो. माझे आवडते दोन विषय याच ‘इतर’मध्ये एकमेकांना खेटून बसलेले असतात. एक, गाणाऱ्यांची चरित्रे. दुसरा, खेळाडूंची चरित्रे. दुकानदाराला त्यांचे काय करावे हे कळत नाही. अभ्यासक्रमात ती नाहीत, पारितोषिकांसाठी कोणी घेत नाही आणि कादंबरीसारखी खपतही नाहीत.

तर मंडळी, आज या ‘इतर’विषयी. लेख थोडा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आमच्या पुतण्याने मागे एकदा इंग्लंडहून येताना दोन जाड पुस्तके आणली होती. एक बीटल्स या गाणाऱ्या चौकडीवरचे, दुसरे टॉटनहॅम या फुटबॉल क्लबावरचे. मला बीटल्सचे एक गाणे धड म्हणता येत नाही आणि फुटबॉलमधले ‘ऑफसाइड’ म्हणजे काय ते अजून समजलेले नाही. पण दोन्ही पुस्तकांवर लेखकाचे नाव एकच होते, हंटर डेव्हिस. बीटल्सचे त्यांनी लिहिलेले अधिकृत चरित्र १९६८ साली आले. तेव्हा ती चौकडी फुटायची होती. पुढे ‘द ग्लोरी गेम’ या पुस्तकासाठी हे गृहस्थ १९७१-७२ चा अख्खा हंगाम फुटबॉल संघाबरोबर राहिले, अगदी कपडे बदलायच्या खोलीपर्यंत. ते पुस्तक १९७२ चे. गाण्यावर लिहिणारा माणूस खेळावर का लिहितो? विचार केला तर उत्तर सोपे आहे. दोन्हीकडे गर्दी आहे. दोन्हीकडे सामान्य घरातला मुलगा बघता बघता देव होतो. आणि दोन्हीकडे ते देवपण फार थोडा काळ टिकते.

आपल्याकडेही असे लेखक झाले. शिरीष कणेकरांचे ‘गाये चला जा’ आणि ‘क्रिकेटवेध’ ही दोन पुस्तके एकाच हाताने लिहिलेली आहेत. द्वारकानाथ संझगिरी पेशाने इंजिनिअर, मुंबई महापालिकेत नोकरी. पण लिहिले ते क्रिकेटवर आणि सिनेमाच्या गाण्यांवर. कणेकर २०२३ मध्ये गेले, संझगिरी २०२५ मध्ये. पुण्यात बाळ ज. पंडितांनी मराठीतून क्रिकेटचे समालोचन घराघरात नेले. तेही २०१५ मध्ये गेले. आणि कलावंतांचे म्हणाल, तर त्यांनाही एकमेकांचे आकर्षण असतेच. सुनील गावस्करांनी मराठीत गाणे गायले आहे, ‘सावली प्रेमाची’ या १९८० च्या चित्रपटात कामही केले आहे. आणि १९८३ ला विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला द्यायला क्रिकेट मंडळाच्या तिजोरीत पैसे नव्हते, तेव्हा लताबाईंनी दिल्लीत गाऊन ते उभे केले. प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. आजच्या आकड्यांपुढे ही रक्कम ऐकून नातवंडे हसतात. हसू द्या.

आता ‘पॉप’ या शब्दाविषयी. पॉप म्हणजे पॉप्युलर, म्हणजे लोकप्रिय. आपल्याकडे पॉप संगीत १९९० नंतर आले असा तरुणांचा समज आहे. माझे मत वेगळे आहे. महाराष्ट्रातला पहिला खरा पॉपस्टार आमच्या पेठेतल्या किर्लोस्कर थिएटरात, म्हणजे पुढे जे वसंत टॉकीज झाले तिथे, नऊवारी नेसून उभा राहत असे. त्याचे नाव नारायण श्रीपाद राजहंस.

बालगंधर्वांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी ‘बालगंधर्व’ म्हटले आणि ते नाव चिकटले, असे सांगतात. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत आले, १९११ मध्ये ‘मानापमान’ झाले, १९१३ मध्ये स्वतःची गंधर्व नाटक मंडळी निघाली, १९१६ ला ‘स्वयंवर’, १९१९ ला ‘एकच प्याला’. सनावळी मी मुलांना पाठ करायला लावत नसे, पण ही बघा: अकरा ते एकोणीस, अवघी आठ वर्षे. या आठ वर्षांत मराठी मध्यमवर्गाने काय गुणगुणायचे, कसे बोलायचे आणि बायकांनी कसे नेसायचे हे ठरले. स्त्रीवेशातल्या एका पुरुषाकडे बघून घरंदाज बायका पदर कसा घ्यावा, अंबाड्यावर गजरा कसा माळावा हे शिकल्या! आमच्या आजीने आयुष्यात एकही नाटक पाहिले नव्हते. तिच्या सासऱ्यांना ते चालत नसे. पण कोणी फार ठाकठीक नेसून आली की ती म्हणायची, “आली गंधर्वांची भामिनी.” नाटक न पाहणाऱ्या बाईच्या तोंडातही जो शिरतो, तो स्टार.

८ जुलै १९२१ चा संयुक्त ‘मानापमान’चा प्रयोग तर दंतकथाच झाला आहे. मुंबईचे बालीवाला थिएटर. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर ‘ललितकलादर्श’चे केशवराव भोसले. तिकीट शंभर रुपयांपर्यंत गेले. १९२१ चे शंभर रुपये! हा आकडा लक्षात ठेवा, पुढे एका चार रुपयांशी त्याची गाठ घालायची आहे. त्यानंतर तीन महिन्यांतच, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय एकतीस.

हे सगळे आपल्याला कसे कळले? बालगंधर्वांनी आत्मचरित्र लिहिले म्हणून नव्हे. कळले ते त्यांच्या शेजारी उभे असलेल्या लोकांनी लिहिले म्हणून. गंधर्व मंडळी निघाली तेव्हा तिचे तीन मालक होते: बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे. पुढे टेंबे बाहेर पडले, नंतर बोडसही. बोडसांनी ‘माझी भूमिका’ लिहिली. टेंब्यांनी ‘माझा संगीत व्यासंग’ आणि ‘माझा जीवनविहार’ लिहिले. वसंत शांताराम देसाई कंपनीचे नाटककार. त्यांनी ‘मखमलीचा पडदा’ लिहिले आणि ‘बालगंधर्व : व्यक्ती आणि कला’ हेही. चिंतामणराव कोल्हटकर दुसऱ्या कंपनीचे, मास्टर दीनानाथांबरोबर १९१८ मध्ये बलवंत संगीत मंडळी काढणारे. त्यांच्या ‘बहुरूपी’ला १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नटाच्या आत्मचरित्राला अकादमीचा पुरस्कार! तेव्हाच्या काही पंडितांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील.

इतिहास शिकवणारीच्या नजरेने पाहिले तर हे फार गमतीचे प्रकरण आहे. एका माणसाविषयी चार साक्षीदार, आणि चौघांचे त्याच्याशी नाते वेगवेगळे. दोन जुने भागीदार, एक हाताखालचा लेखक, एक प्रतिस्पर्धी. भागीदार वेगळा झाला की त्याच्या लिहिण्यात थोडा हिशेब येतो. नाटककार भक्त असला की हिशेब जातो आणि आरती येते. प्रतिस्पर्धी बाहेरून बघतो म्हणून त्याला कधीकधी जास्त दिसते. एकच पुस्तक वाचले तर आपण त्या लेखकाच्या पक्षात जाऊन बसतो. चारही वाचली की मधोमध एक माणूस दिसू लागतो: गाण्यात अलौकिक, पैशात भोळा, कपड्यांवर आणि अत्तरावर हात सैल सोडणारा. कर्ज डोक्यावर असतानाही नाटकातला शालू खराच हवा म्हणणारा. ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, १२ मार्च १९११ ला, मुलगी गेली आणि तरी तो उभा राहिला. याला निष्ठा म्हणायची की आणखी काही, ते वाचणाऱ्याने ठरवावे. वर्गात मी हा प्रश्न विचारत असे आणि तास संपेपर्यंत उत्तर सापडत नसे.

पडता काळही या पुस्तकांतून दिसतो. बोलपट आले आणि नाटक कंपन्या एकेक करून बसल्या. १९३५ मध्ये ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्वांनी एकनाथांचे काम केले. पण ज्याने स्त्रीवेशात सगळ्यांना वेड लावले त्याला पडद्यावर पुरुष म्हणून पाहायला लोक तयार नव्हते. स्टारला प्रेक्षक बदलू देत नाहीत. आज एखाद्या गायकाने वेगळे काही करून बघितले तर त्याचे काय होते ते आपण पाहतोच. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६४ ला पद्मभूषण. पुण्यातल्या त्यांच्या नावाच्या रंगमंदिराची कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ ला त्यांच्याच हस्ते बसली. १५ जुलै १९६७ ला ते गेले. रंगमंदिराचे उद्घाटन २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिवशी झाले. २०११ मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि नातवंडांना नाव कळले. अभिराम भडकमकरांचे ‘असा बालगंधर्व’ही तेव्हाचेच. पण दोन्हींचा कच्चा माल कुठून आला? त्याच वरच्या फळीवरून.

आता बायकांकडे वळते, कारण त्यांची पुस्तके वेगळ्या धातूची आहेत. पुरुष नटांची आत्मचरित्रे वाचताना कंपनीचे बिऱ्हाड, प्रवास, जेवणावळी, भांडणे हे सगळे येते, घर मात्र दारातूनच दिसते. हंसा वाडकरांनी ‘सांगत्ये ऐका’मध्ये घर आतून दाखवले. त्याच नावाचा त्यांचा चित्रपट १९५९ चा. आपल्या पुण्यात विजयानंदला तो १३१ आठवडे चालला. म्हणजे अडीच वर्षे एकच बोर्ड! पुस्तक १९७० चे. आधी पुण्याच्या ‘माणूस’मध्ये छापून आलेले, अरुण साधूंनी त्यांच्याकडून ऐकून शब्दांत उतरवलेले. त्यात कौतुक मागितलेले नाही, सहानुभूतीही मागितलेली नाही. पुस्तक आल्यावर वर्षभरातच त्या गेल्या. श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये त्यावरून ‘भूमिका’ काढला. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते. शिक्षिकेच्या हातात हे पुस्तक दिसणे बरे नव्हे, असे शिक्षकांच्या खोलीत मला एका ज्येष्ठ बाईंनी ऐकवले होते. महिन्याभराने त्याच बाईंनी ते माझ्याकडून वाचायला नेले!

शांता हुबळीकरांचे ‘कशाला उद्याची बात’ हे असेच. १९३९ च्या ‘माणूस’ चित्रपटातल्या ज्या गाण्याने त्या देशभर गाजल्या, त्याचेच शब्द त्यांनी आत्मचरित्राला नाव म्हणून दिले. गाणे गाताना त्या शब्दांचा अर्थ एक होता आणि म्हातारपणी, प्रसिद्धी विरून गेल्यावर, एकटेपणात त्याच शब्दांचा अर्थ दुसरा. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच सगळे सांगून झाले आहे.

आता दुसरी फळी, खेळाची.

मघाशी चार रुपयांचे म्हटले होते. पळवणकर बाळू हे नाव तुमच्यातल्या किती जणांना माहीत आहे? जन्म १८७६ च्या सुमाराचा, चांभार समाजातले, वाढले पुण्यात. आधी पारशांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडण्या-लोळवण्याचे काम, मग इंग्रजांच्या पूना क्लबात. पगार महिना चार रुपये. तिथल्या साहेबांना सराव द्यायला चेंडू टाकता टाकता हा डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला. ग्रेग नावाचा साहेब बाद झाला की आठ आणे देई, अशी कथा आहे. बॅट मात्र बाळूंच्या हाती कोणी देत नसे. बॅट साहेबांची.

मग पुण्यातल्या हिंदू क्लबापुढे प्रश्न आला. साहेबांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा. पण तो अस्पृश्य. तोडगा काय निघाला? मैदानात त्याने हाताळलेला तोच चेंडू सगळ्यांनी हाताळायचा. चहाच्या वेळी मात्र त्याने मंडपाबाहेर बसून वेगळ्या मातीच्या भांड्यातून चहा घ्यायचा. चेंडू चालतो, कप चालत नाही! हे सगळे आपल्या पुण्यात घडले, फुले-रानडे-आगरकरांच्या पुण्यात. मी हे इतिहासाच्या तासाला सांगत असे तेव्हा मुले पहिल्यांदा हसत, मग एकदम गप्प होत. त्या गप्प होण्याने जे शिकवून होई ते धड्यातल्या प्रश्नोत्तरांनी होत नसे.

बाळू पुढे मुंबईला गेले. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवले त्यात त्यांचा मोठा हात. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानपदाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. संघाने पुष्कळ सामने गमावले, पण बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले. इतके करूनही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधीच मिळाले नाही. शिवराम, गणपत, विठ्ठल हे त्यांचे भाऊही उत्तम खेळाडू. १९२० मध्ये बाळूंना संघातून वगळले आणि कप्तानपद देताना विठ्ठलना डावलले, तेव्हा भावांनी खेळायला नकार दिला. वृत्तपत्रांतून चर्चा झाली, आणि बाळूंना उपकप्तान म्हणून परत बोलवावे लागले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाले. हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले. एका भावाच्या मातीच्या भांड्यापासून दुसऱ्या भावाला खांद्यावर घेण्यापर्यंत पंचवीस-तीस वर्षे लागली. या प्रवासात नुसते क्रिकेट नाही हे वेगळे सांगायला नको. बाळू पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. तो एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

हे कोणी लिहून ठेवले? इथेही तेच. बाळूंनी स्वतःचे चरित्र लिहिले नाही. लिहिले ते धाकट्या भावाने. पी. विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ १९४८ मध्ये मुंबईत मराठीत प्रसिद्ध झाले. पण आपल्यातल्या बहुतेकांना ते कळले कसे? रामचंद्र गुहा यांनी २००२ मध्ये ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड’ हे भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावरचे इंग्रजी पुस्तक लिहिले, त्यात विठ्ठल यांच्या या मराठी पुस्तकाचा आधार घेतला, तेव्हा. मराठी माणसाने मराठीत लिहिलेले, पुण्या-मुंबईत घडलेले, आणि मराठी वाचकाला त्याचा पत्ता इंग्रजीतून लागावा! मधली चोपन्न वर्षे ते पुस्तक कुठे होते? कुठल्या तरी ‘इतर’च्या फळीवर. किंवा रद्दीत.

वेस्ट इंडीजचे उदाहरण याच्या शेजारी ठेवून बघण्यासारखे आहे. सी. एल. आर. जेम्स हे त्रिनिदादचे लेखक. काळ्या खेळाडूला कायमचे कप्तानपद मिळावे, फ्रँक वॉरेलला मिळावे, म्हणून त्यांनी आपल्या वृत्तपत्रातून मोहीम चालवली. १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर वॉरेल कप्तान म्हणून गेले. मग १९६३ मध्ये जेम्स यांचे ‘बियाँड अ बाउंडरी’ आले. आज जगभरच्या विद्यापीठांत ते वाचले जाते. आपले विठ्ठल १९२३ मध्येच कप्तान झाले होते, वॉरेलच्या सदतीस वर्षे आधी. आणि त्यांचे पुस्तक जेम्सच्या पंधरा वर्षे आधीचे. ते साहित्य म्हणून जेम्सच्या तोडीचे आहे असा माझा दावा नाही. साक्ष म्हणून मात्र ते कमी मोलाचे नाही. जेम्स मोहीम चालवणारे होते. विठ्ठल ज्यांना डावलले गेले ते.

पुण्यातच प्रा. दि. ब. देवधर होते. १८९२ चा जन्म. स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवायचे आणि मैदानावर महाराष्ट्राचे कप्तान. १९२६ मध्ये गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी १४८ धावा केल्या. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडक महाराष्ट्राकडे आणला. पन्नाशी उलटल्यावर एकाच सामन्यात दोन शतके केली. १९९३ मध्ये गेले तेव्हा वय एकशे एक. त्यांचे ‘आय लुक बॅक’ हे आत्मचरित्र १९६६ चे. म्हणजे चित्र असे दिसते: प्राध्यापकाने इंग्रजीत लिहिले, त्याचे नाव राहिले, त्याच्या नावाचा करंडकही सुरू झाला. खेळपट्टी लोळवणाऱ्याच्या भावाने मराठीत लिहिले, ते हरवले. देवधरांचे मोठेपण यात तसूभरही कमी होत नाही. पण फळीवर कोणाचे पुस्तक टिकते, यालाही इतिहास असतो.

आणि काहींचा तर नुसता आकडा उरतो. डिसेंबर १९४८ मध्ये आपल्या पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ धावा कमी पडत होत्या, तेव्हा पाहुण्या संघाने पुढे खेळायलाच नकार दिला आणि सामना सोडला. निंबाळकरांना कसोटी खेळायला कधी मिळाले नाही. ४४३ हा आकडा क्रिकेटवेड्यांना पाठ असतो. त्या दिवशी मैदानावर उभ्या राहिलेल्या माणसाला काय वाटले असेल ते आकडा सांगत नाही.

खाशाबा जाधवांचे थोडे बरे झाले. कराडजवळच्या गोळेश्वरचे हे पैलवान. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले, १९५२ मध्ये हेलसिंकीला ब्राँझपदक. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. पुढचे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडले! हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. मी शिक्षकांच्या सभांमधून ही गोष्ट कितीदा सांगितली असेल त्याला गणती नाही. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि मग विसर पडला. पोलीस खात्यात नोकरी, १९८४ मध्ये अपघाती मृत्यू, अर्जुन पुरस्कार मरणोत्तर. पुण्याचे संजय दुधाणे यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले म्हणून निदान पोरांच्या हातात द्यायला काही तरी आहे. इथेही लिहिणारा दुसराच.

तर एवढ्या सगळ्यातून मला जे दिसते ते असे. गाणारा गातो, खेळणारा खेळतो. लिहिणे हे त्यांचे काम नव्हे, आणि त्यांना तेवढी फुरसतही नसते. लिहितो तो बाजूचा: भागीदार, भाऊ, नाटककार, पत्रकार, कधी मास्तर. बाजूचा माणूस लिहीत नाही तेव्हा दंतकथा उरते, आणि दंतकथेत मातीचे भांडे सहसा येत नाही. ते गैरसोयीचे असते. पहिल्या प्रयोगाच्या टाळ्या दंतकथेत येतात, कर्जाच्या चिठ्ठ्या येत नाहीत. चिठ्ठ्या पाहायच्या तर पुस्तकच लागते.

म्हणून मला ‘इतर’ या कप्प्याची काळजी वाटते. आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर पुणे नगर वाचन मंदिर आहे, १८४८ पासूनचे. अशा जुन्या ग्रंथालयांत ही पुस्तके अजून असतात, पण कार्डावर शेवटची तारीख बघावी तर कित्येक वर्षांपूर्वीची. आणि घरोघरच्या कपाटांचे काय? पेठांतले वाडे एकेक करून पाडायला चालले आहेत. आमचाही करार झाला आहे. फ्लॅटमध्ये जाताना सामान निम्मे करायचे असे घरात ठरले आहे आणि निम्म्याची पहिली नजर पुस्तकांवर पडते. भांडी कोणी कमी करत नाही! माझ्या ओळखीच्या एका शाळेने ग्रंथालयाची खोली रिकामी करायची म्हणून जुनी पुस्तके वजनावर दिली. बडोद्याहून १९३६ पासून निघालेल्या व्यायामज्ञानकोशाच्या दहा खंडांपैकी काही त्यात होते. कुस्ती, मल्लखांब, खोखो, आट्यापाट्या यांचा एवढा मोठा कोश मुजुमदारांनी आयुष्य घालून केला. त्याची किंमत वजनकाट्यावर झाली.

तेव्हा नातेवाईक मंडळींना, विशेषतः दिवाळीत सामान वाटून घ्यायला येणार आहेत त्यांना, इथेच सांगून ठेवते. कादंबऱ्या न्या, दिवाळी अंक न्या, पाककृतींची पुस्तके तर नक्कीच न्या. गाणाऱ्या-खेळणाऱ्यांची दोन फळ्या पुस्तके मी फ्लॅटमध्ये नेणार आहे. त्यांच्यासाठी माझे एक लुगड्यांचे कपाट मी कमी केले आहे, यावर चर्चा नको. ज्याला वाचायचे असेल त्याने येऊन वाचावे. वहीत नाव लिहून न्यावे आणि परत आणून द्यावे. मी अजून दंड आकारते.

आणि ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. तुमच्या घरी अशी पुस्तके असतील तर रद्दीत घालण्याआधी निदान मुखपृष्ठ, सन आणि प्रकाशक यांची नोंद आपापल्या ब्लॉगवर टाका. ‘माझे क्रीडा-जीवन’ची प्रत कोणाकडे असेल तर मला जरूर कळवा. आणि तुमच्या घरात कोणी कधी कंपनीत पेटी वाजवली असेल, कोणी तालमीत मातीत लोळले असेल, कोणी रणजीच्या सामन्याला धावफलक हलवला असेल, तर त्या माणसाला आज संध्याकाळी समोर बसवा आणि विचारा. तो म्हणेल, “त्यात काय सांगायचंय?” त्याला सांगू दे. लिहायचे काम त्याचे नाही, बाजूला बसलेल्या आपले आहे.